पवित्र्यात तग धरताना मन कुठे ठेवावे

युद्धकलांमधील स्थिर पवित्र्याचा सराव वरवर पाहता पायांचा वाटतो, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटापर्यंत तो खरोखर पायांचाच असतो. कराटेतील किबा दाची असो किंवा चिनी युद्धकलांतील मा बू असो, घोड्यावर मांड ठोकल्यासारख्या त्या रुंद आणि खोल पवित्र्यात मांड्या तापू लागल्या की सरावाचे स्वरूप बदलते. पायांत काम करण्याची ताकद अजून शिल्लक असते, पण ‘आता उठावे’ हा विचार दर दोन श्वासांमागे डोके वर काढू लागतो, आणि त्या विचाराशी कसे वागावे याचे शिक्षण फार थोड्या वर्गांत मिळते. बहुतेक ठिकाणी ‘सहन करा’ एवढीच सूचना असते. ती अपुरी आहे, कारण दात-ओठ खाऊन दोन मिनिटे काढणारा विद्यार्थी त्या दोन मिनिटांत खांदे आखडणे, श्वास कोंडणे आणि कंबर मोडणे यांचाच सराव करत असतो.

पुढे दिलेल्या पद्धतीचा पाया असा आहे की, पवित्र्याचा आकार ज्या क्षणी बिघडतो त्या क्षणी पवित्रा संपला असे मानायचे, आणि तोपर्यंत मनाला त्या आकाराच्या राखणीला बसवायचे. एकाग्रता आणि सहनशक्ती हे दोन स्वतंत्र गुण म्हणून शिकवले जातात. स्थिर पवित्र्यात मात्र त्यांची फारकत करता येत नाही, कारण लक्ष सुटले की आकार ढिला पडतो आणि आकार ढिला पडला की नको ते स्नायू कामाला लागून थकवा अधिकच वेगाने वाढतो.

मांड्या पेटतात तेव्हा काय घडत असते

स्थिर पवित्र्यात स्नायू आकुंचन पावलेले असतात, पण त्यांची लांबी बदलत नाही. अशा आयसोमेट्रिक कामात स्नायूंच्या आतला दाब वाढतो आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या काही प्रमाणात दाबल्या जातात. धावताना स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल पडतात, त्यामुळे रक्त खेळते राहते. पवित्र्यात ती सैल पडण्याची संधीच मिळत नाही. प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो, ऊर्जानिर्मितीतून तयार होणारी द्रव्ये तिथेच साचतात, आणि स्नायूंतील सूक्ष्म चेतातंतू त्याची वर्दी मेंदूकडे पाठवतात. ती वर्दी आपल्याला जळजळ म्हणून जाणवते. पवित्र्यातून उठल्यावर ही जळजळ थोड्याच वेळात ओसरते, आणि यावरूनच ती इजेची खूण नसून परिस्थितीचा निरोप आहे हे ओळखता येते.

किती वेळ टिकता येईल हे प्रामुख्याने पवित्र्याच्या खोलीवर ठरते. जर्मन संशोधक रोमर्ट यांनी १९६० मध्ये मांडलेल्या आलेखानुसार स्नायूच्या कमाल बळाच्या निम्मे बळ लावून धरल्यास सुमारे एक मिनिट टिकता येते, आणि तेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरले तर ती स्थिती पुष्कळ काळ धरून ठेवता येते. पुढील संशोधनात हे आकडे प्रत्येक स्नायूगटासाठी सारखे नसतात असे दिसून आले, तरी आलेखाचा कल आजही मार्गदर्शक ठरतो. चिनी परंपरेतील झान झुआंग, म्हणजे खांबासारखे उभे राहण्याचा सराव, ज्यावर वांग श्यांगचाय यांनी आपल्या यीचुआन पद्धतीची उभारणी केली, त्यात गुडघे जेमतेम वाकलेले असतात आणि म्हणून तो बराच वेळ करता येतो. मांड्या जमिनीला समांतर नेणारा मा बू त्याच अवधीच्या अपेक्षेने करू पाहणे व्यर्थ आहे. ‘अमुक गुरू तासभर पवित्र्यात उभे राहत’ अशा कथा ऐकताना पवित्रा किती खोल होता हा प्रश्न आधी विचारावा. बऱ्याच कथांतील गूढ तिथेच उकलते.

आता मनाचा भाग. सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना आधी ९० मिनिटे सतत लक्ष द्यावे लागेल असे संगणकावरील काम दिले आणि नंतर ठरावीक तीव्रतेवर दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मन थकलेले असताना ते लवकर थांबले, जरी हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांतून त्याचे कारण सापडले नाही. फरक होता तो श्रमाच्या जाणिवेत: तेच काम त्यांना अधिक जड वाटले. पवित्र्याच्या सरावासाठी याचा अर्थ सरळ आहे. थांबण्याचा निर्णय बहुतेक वेळा श्रम किती वाटतात यावर घेतला जातो, आणि ही जाणीव विश्रांती, झोप, श्वास, लक्ष ठेवण्याची जागा आणि स्वतःशी चाललेले बोलणे यांनी बदलते. दिवसभर डोके शिणवून संध्याकाळी पवित्र्यात बसल्यावर वेळ कमी भरला तर पायांना दोष देण्याचे कारण नाही. त्या दिवशी खोली थोडी कमी करावी आणि लक्षाच्या गुणवत्तेवर काम करावे.

आधी आकार बसवावा

मनाला राखण करायला सांगायचे तर कशाची राखण करायची ते आधी नक्की असले पाहिजे. किबा दाचीसाठी पावले खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट अंतरावर ठेवावीत. कराटेत ती समांतर ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु नितंबाच्या सांध्याची खोबण प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे काहींना पावले किंचित बाहेर वळवल्याशिवाय गुडघे बोटांच्या दिशेत ठेवता येत नाहीत. अशा वेळी गुडघे आतल्या बाजूला कोसळू देण्यापेक्षा पावले थोडी वळवणे शहाणपणाचे. वजन दोन्ही पायांवर सारखे आणि प्रत्येक पावलावर टाच, अंगठ्याचा तळ व करंगळीचा तळ या तीन जागी विभागलेले असावे. गुडघे बोटांच्या रेषेत, कटी ना पुढे वळलेली ना मागे उचललेली, पाठीचा कणा उभा, हनुवटी किंचित आत, आणि खांदे आपल्या वजनाने खाली आलेले असावेत.

एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून घेतलेल्या कराटेतील इतर पवित्र्यांत वजनाची वाटणी वेगळी असते: झेनकुत्सु दाचीत सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायावर असते, कोकुत्सु दाचीत सुमारे ७० टक्के मागच्या पायावर, आणि नेकोआशी दाचीत तर जवळपास सगळेच मागच्या पायावर. हे तिन्ही एकांगी पवित्रे असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखाच वेळ करावेत आणि कमकुवत बाजूने सुरुवात करावी.

आकार बिघडल्याच्या खुणा आधीच ठरवून ठेवाव्यात, कारण थकलेल्या मनाला सवलती सुचतात. बैठक वर सरकणे, गुडघा आत झुकणे, छाती मांड्यांकडे वाकणे, हात मांडीवर टेकणे आणि श्वास कोंडला जाणे, या पाचांपैकी कोणतीही एक खूण दिसली की एकदा दुरुस्ती करावी. तीच खूण पुन्हा दिसली तर फेरी संपली. बैठक वर सरकणे ही यांतील सर्वांत लबाड खूण आहे, कारण ती हळूहळू होते आणि करणाऱ्याला कळतही नाही. ती पकडण्यासाठी बाजूने आरसा असावा किंवा नितंबांच्या खाली, स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावर, ठरलेल्या उंचीचे एक स्टूल ठेवावे.

श्वास

श्वास रोखून धरल्यावर क्षणभर बळ आल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ही सवय चटकन जडते. परंतु छातीत हवा कोंडून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो, आणि आयसोमेट्रिक श्रमात तो आधीच वाढलेला असतो. पवित्र्यात श्वास अखंड चालू राहणे हा नियम म्हणून पाळावा.

सुरुवात नाकाने घेतलेल्या आणि नाकाने सोडलेल्या शांत श्वासाने करावी, पोट व बरगड्यांच्या बाजू फुगतील असे पाहावे, आणि उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब ठेवावा. चार अंकांत घेणे आणि सहा अंकांत सोडणे हे प्रमाण पहिल्या मिनिटात सोयीचे ठरते. पुढे शरीर अधिक हवा मागू लागते. तेव्हा तेच प्रमाण हट्टाने चालू ठेवू नये, तीन-चार असे करावे, गरज पडल्यास तोंडाने सोडावे, पण उच्छ्वासाची लांबी शेवटपर्यंत टिकवावी. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर जबडा, कपाळ आणि खांदे यांपैकी एक जागा सैल सोडावी. चेहऱ्याचे स्नायू पवित्र्याला काडीची मदत करत नाहीत, तरी श्रम वाढले की आधी तेच आवळले जातात. चेहरा शांत राहिला की बाकीचे शरीरही पुष्कळदा त्याचे ऐकते. गोजु र्‍यू या कराटे शैलीतील सानचिन या काताचा, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमाचा, श्वास मात्र वेगळ्या हेतूने, सर्वांग आवळून आणि आवाज करत घेतला जातो. तो शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावा, आणि या सरावात त्याची भेसळ करू नये.

लक्ष ठेवण्याच्या जागा

या सरावातला सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत कमी शिकवला जाणारा भाग हा आहे. वेदना वाढू लागल्या की मनापुढे तीन वाटा असतात. एक, दुसरीकडे पळणे: गाणे आठवणे, दिवसाची कामे मोजणे, खिडकीबाहेर पाहणे. दुसरी, वेदनेतच बुडणे. आणि तिसरी, शरीराकडून येणारी माहिती वाचत राहून त्यानुसार बारीक दुरुस्त्या करणे. मॉर्गन आणि पोलॉक यांनी १९७७ मध्ये नामांकित मॅरेथॉन धावपटूंच्या मुलाखतींतून असे नोंदवले होते की हे धावपटू मन दुसरीकडे वळवण्यापेक्षा श्वास, पाय आणि वेग यांच्याकडे लक्ष देऊन त्याप्रमाणे धावणे बदलत. पवित्र्यासाठीही ही तिसरी वाट योग्य आहे. मन दुसरीकडे नेऊन काही सेकंद जास्त मिळतात हे खरे, पण ते सेकंद युद्धकलेच्या दृष्टीने निकामी असतात, कारण प्रतिस्पर्ध्यासमोर उभे असताना कोणी मनात गाणे म्हणत नाही.

येथे एक बारकावा आहे. शरीराची माहिती वाचणे म्हणजे एखाद्या स्नायूवर टक लावून बसणे नव्हे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९८ पासूनचे संशोधन असे सांगते की लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर, म्हणजे शरीराबाहेर, ठेवले तर कौशल्य अधिक सहजतेने उमटते. पाठ भिंतीला टेकवून खुर्चीवर बसल्यासारखे राहण्याच्या व्यायामावर लोझी आणि शेरवूड यांनी २०११ मध्ये केलेल्या अभ्यासातही लक्ष बाहेर ठेवणारे अधिक वेळ टिकले. म्हणून सूचनेची भाषा बदलावी. ‘मांड्या घट्ट धरा’ याऐवजी ‘पावलांखालची जमीन दोन्ही बाजूंना ताणा’. ‘पाठ ताठ करा’ याऐवजी ‘डोक्याच्या माथ्याने छताला स्पर्श करू पाहा’. ‘गुडघे बाहेर ढकला’ याऐवजी ‘गुडघ्यांनी समोरच्या दोन कोपऱ्यांकडे रोख धरा’. फरक शब्दांचा वाटतो, पण करून पाहिल्यावर पायांतला अनावश्यक ताण कमी झालेला जाणवतो.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारी फेरी पुढीलप्रमाणे करावी. पवित्रा घेताच नजर डोळ्यांच्या उंचीवर, काही पावलांपलीकडील एका बिंदूवर स्थिर करावी, मात्र ती टोकदार न ठेवता दोन्ही बाजूंचा परिसरही दिसत राहील इतकी सैल असावी. पहिल्या श्वासाला लक्ष पावलांखालच्या जमिनीवर न्यावे, दुसऱ्याला गुडघ्यांच्या रोखावर, तिसऱ्याला बैठकीच्या उंचीवर, चौथ्याला माथ्यावर, पाचव्याला खांदे व चेहऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी फक्त एक प्रश्न विचारावा: येथे काही बदलायला हवे का? हवे असल्यास बदलावे, नसल्यास पुढे जावे. पाच श्वासांची एक फेरी झाली की पुन्हा जमिनीपासून सुरू करावी. फेऱ्या मोजाव्यात, सेकंद मोजू नयेत. मन भरकटलेले लक्षात आले की जिथे सुटले तिथूनच पुढे चालू करावे. स्वतःला दोष देण्यात आणखी दोन श्वास वाया जातात.

नवशिक्यांना पाच जागांची फेरी लांब वाटते. त्यांनी पहिले काही आठवडे झेन ध्यानातील श्वासगणनेचा साधा प्रकार वापरावा: प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक, एक ते दहापर्यंत, आणि मध्येच अंक हरवला तर पुन्हा एकपासून. पवित्र्यात दहापर्यंत न चुकता पोहोचणे बसून करण्यापेक्षा खूपच कठीण आहे.

‘आता उठावे’ हा विचार

हा विचार येणारच, आणि तो आला म्हणजे सराव फसला असे नाही. त्याच्यासाठी उत्तर आधीच तयार असले पाहिजे, कारण ऐन वेळी विचारपूर्वक निर्णय घेण्याइतकी उसंत मनाला नसते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘असे झाले तर मी असे करीन’ या स्वरूपाच्या पूर्वनियोजनाचा सखोल अभ्यास केला आहे, आणि पवित्र्याच्या सरावाला तो अगदी चपखल बसतो. ‘उठावेसे वाटले तर मी आधी तीन पूर्ण उच्छ्वास सोडीन आणि पाच खुणा तपासीन’ असे वाक्य सरावाआधी एकदा मोठ्याने म्हणावे. तीन श्वासांनंतर आकार शाबूत असेल तर पुढची फेरी सुरू करावी, बिघडला असेल तर नियमाप्रमाणे उठावे. अशा प्रकारे निर्णय वेदनेच्या हातून काढून आकाराच्या हाती सोपवला जातो.

वेदनेकडे पाहण्याचीही एक पद्धत आहे. ‘फार दुखते आहे’ हे वाक्य माहिती देत नाही. त्याऐवजी जळजळ नेमकी कुठे आहे, तिची सीमा कुठे संपते, ती एकसारखी आहे की लाटांनी येते, उजवीकडे जास्त आहे की डावीकडे, हे पाहावे. बहुतेकदा ती मांडीच्या पुढच्या भागात, गुडघ्याच्या वरच्या एका पट्ट्यात केंद्रित असते आणि बाकीचे शरीर बऱ्यापैकी निवांत असते; हे लक्षात येणेच दिलासा देणारे असते. एका बाजूला ती स्पष्टपणे जास्त असेल तर वजन तिकडे सरकलेले असण्याची शक्यता मोठी, आणि अशा वेळी वेदना चक्क उपयोगाची ठरते.

स्वतःशी बोलणेही ठरवून करावे. ब्लँचफिल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगात ज्यांना स्वतःला प्रोत्साहन देणारी वाक्ये निवडायला व वापरायला शिकवले, ते दोन आठवड्यांनंतर सायकलवर पूर्वीपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक वेळ टिकले. वाक्ये लहान आणि स्वतःच्या रोजच्या भाषेत असावीत, आणि दोन प्रकारची असावीत: सुरुवातीसाठी सूचना देणारी, जसे ‘खाली, रुंद, सैल’, आणि उत्तरार्धासाठी धीर देणारी, जसे ‘हे ओळखीचे आहे, चालू दे’. भव्य घोषणा टाळाव्यात. दोन मिनिटांच्या पवित्र्यासाठी रणगर्जनेची गरज नसते, आणि मनालाही ती खोटी वाटते.

घड्याळ समोर ठेवू नये. वेळेकडे लक्ष दिले की वेळ लांबतो, आणि दर पाच सेकंदांनी काटा पाहणारा विद्यार्थी तेवढ्याच वेळा उठण्याचा विचार करतो. गजर लावून यंत्र पाठीमागे ठेवावे.

वाढीचा क्रम

सुरुवात मधल्या खोलीने करावी, म्हणजे मांड्या जमिनीशी साधारण ४५ अंशांत राहतील. ३० सेकंदांच्या चार फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये एक ते दीड मिनिट चालत घेतलेली विश्रांती, आणि एक दिवसाआड याप्रमाणे आठवड्यातून तीन दिवस एवढे पुरेसे आहे. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत १० सेकंदांपेक्षा जास्त वाढ करू नये. फेरी ९० सेकंदांपर्यंत स्थिर आकारात जमू लागली की वेळ वाढवण्याऐवजी बैठक चार बोटे खाली न्यावी आणि पुन्हा ४५ सेकंदांपासून चढावे. वेळ आणि खोली एकाच आठवड्यात वाढवण्याचा मोह आवरावा.

खोलीकडे दुर्लक्ष न करण्याचे कारण असे की आयसोमेट्रिक सरावाने मिळणारे बळ मुख्यतः ज्या कोनात सराव केला त्याच्या आसपासच वाढते. वरच्या पवित्र्यात पाच मिनिटे उभे राहणाऱ्याला खोल पवित्र्यातले बळ आपोआप मिळत नाही. उलट स्नायू ताणलेल्या, म्हणजे खोल स्थितीत कमावलेले बळ इतर कोनांतही अधिक प्रमाणात उतरते. तरीही आठवड्यातून एक दिवस उंच, सैल पवित्र्यासाठी राखावा: गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर गोल, पाच मिनिटांपासून पंधरा मिनिटांपर्यंत. या दिवशी पायांची परीक्षा फारशी होत नाही. येथे कंटाळ्याची होते, आणि खोल पवित्र्यात जळजळीच्या गोंगाटात दडून जाणारे मनाचे भटकणे या शांत पवित्र्यात स्पष्ट दिसते.

श्रमाचे मोजमाप करण्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची शून्य ते दहा ही मोजपट्टी वापरावी. प्रत्येक फेरीनंतर श्रम किती वाटले त्याला अंक द्यावा. बहुतेक फेऱ्या सहा-सातच्या आसपास असाव्यात आणि नऊपर्यंत जाणारी फेरी आठवड्यातून एकदाच असावी. रोज नऊ गाठणारा काही आठवड्यांतच सरावाला टाळू लागतो, आणि हा मानसिक कमकुवतपणा नसून मनाचा रास्त हिशेब असतो. वहीत चार गोष्टी लिहाव्यात: खोली, वेळ, श्रमाचा अंक, आणि सर्वांत आधी काय सुटले, श्वास की गुडघा की लक्ष. पुष्कळांना असे आढळते की आधी लक्ष सुटलेले असते आणि गुडघा त्यानंतर झुकलेला असतो.

थरथर आणि समूह

पाय थरथरू लागले की अनेकजण घाबरून उठतात. थकलेल्या स्नायूला तेवढेच बळ टिकवण्यासाठी नवनवे स्नायुतंतू कामाला लावावे लागतात आणि त्यांचा मेळ विस्कळीत होतो, म्हणून थरथर दिसते. आकार शाबूत असेल तर ती चालू द्यावी. तिला दाबण्यासाठी अंग आवळले की ती वाढते. उच्छ्वास लांबवून वजन टाचांकडे जरासे सरकवले तर ती कधीकधी शमते.

समूहात सराव करताना शेजाऱ्यापेक्षा आधी न उठण्याची ईर्षा लागते. ती थोडी असावी, कारण एकट्याने सापडत नाही अशी उमेद तिच्यातून मिळते. पण ईर्षेत बैठक हमखास वर सरकते. शिक्षकांनी म्हणूनच ‘शेवटपर्यंत कोण टिकले’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणाचा आकार शेवटपर्यंत टिकला’ असे पाहावे, आणि आकार मोडताच स्वतःहून उठणाऱ्या विद्यार्थ्याला कमी लेखू नये.

कुठे थांबावे

जळजळ आणि इजा यांतील फरक जागेवरून कळतो. स्नायूच्या मांसल भागातील पसरलेली आग सरावाचा भाग आहे. गुडघ्याच्या वाटीमागे किंवा सांध्याच्या कडेला टोचणारी, अचानक उठलेली कळ, पायात मुंग्या किंवा बधिरता, छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवल्यास ताबडतोब उठावे. तेथे मनोबल दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. भिंतीला टेकून बसण्यासारखे आयसोमेट्रिक व्यायाम नियमित केल्यास विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब कमी होण्यास मदत होते असे दिसून आले आहे, आणि त्या अभ्यासांत दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, हा प्रघात आहे. मात्र प्रत्यक्ष फेरी चालू असताना रक्तदाब चढतो. त्यामुळे उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खोल पवित्र्याला हात घालू नये.

फेरी संपल्यावर एकदम ताठ उभे राहू नये. हात गुडघ्यांवर टेकवून दोन श्वास घ्यावेत, पावले जवळ आणावीत आणि मगच उठून एक मिनिट चालावे. पायांत साचलेले रक्त वर यायला तेवढा वेळ लागतो.

स्थिरतेकडून हालचालीकडे

नुसत्या स्थिर पवित्र्यात कमावलेले लक्ष हालचालीत आपोआप उतरत नाही, त्यासाठी मधल्या पायऱ्या लागतात. किबा दाचीत ६० सेकंद आकार टिकू लागला की त्याच पवित्र्यात प्रत्येक उच्छ्वासाला एक सावकाश ठोसा सुरू करावा. ठोशामुळे बैठक वर-खाली होते का आणि खांदा पुढे ओढला जातो का यावर नजर ठेवावी. पुढच्या पायरीवर जोडीदाराने खांदा, मांडी किंवा पाठीवर न सांगता हलका दाब द्यावा. सानचिनच्या परीक्षेत शिक्षक अशाच प्रकारे शरीराची बांधणी तपासतात, फक्त येथे दाब हळुवार असावा आणि उद्देश एवढाच की लक्ष दचकून दाबाच्या जागी धावते की पाच जागांची फेरी चालू राहते ते पाहणे. त्यानंतर टाळी वाजताच झेनकुत्सु दाचीतून किबा दाचीत जाणे, पोहोचल्यावर पहिला उच्छ्वास संपेपर्यंत स्थिर होणे, आणि तिथे पाच श्वास थांबून पुढच्या टाळीची वाट पाहणे असा क्रम लावावा. टाळ्यांमधले अंतर मुद्दाम असमान ठेवावे, कारण ठरावीक तालाची सवय झाली की मन टाळीच्या आधीच उठायला सज्ज होते.

आजारपण किंवा प्रवास यामुळे दोन-तीन आठवड्यांचा खंड पडल्यास पूर्वीच्या खोलीवर लगेच परतू नये. निम्म्या वेळेने आणि एक टप्पा वरच्या बैठकीने सुरुवात करावी, पहिल्या आठवड्यात फक्त श्वासगणना करावी, आणि वहीतील जुने आकडे दुसऱ्या आठवड्यापर्यंत उघडू नयेत.